मोठ्या ताईचं रजिस्टर

"मॅडम, ही गोष्ट तुम्ही वाचली होती का?"

संस्थेच्या सचिव साहेबांनी कागदांचा गठ्ठा टेबलावरून माझ्याकडे सरकवला. कॉलेजच्या वार्षिक अंकाचं प्रूफ होतं ते. प्रूफ म्हणजे छापण्याआधी चुका तपासायला प्रेसवाले पाठवतात ती कच्ची प्रत. अंकात आठ पानं आमच्या लेडीज होस्टेलची असायची. ती तपासून सही करायचं काम रेक्टर म्हणून माझं. सही माझीच होती. गोष्ट मात्र मी वाचली नव्हती.

"वाचली होती," मी म्हणाले.

"आणि तरी सही केलीत?"

न वाचता सही करायची ती काही पहिली वेळ नव्हती. पकडले गेले ती पहिली.

"पोरगी कोण आहे?"

"भाग्यश्री कोळेकर. बी.एस्सी. सेकंड इयर. सांगोला तालुक्यातली."

"तिने आपल्या होस्टेलला तुरुंग म्हटलंय हो. नाव नाही घातलं कुठं. पण वाचणाऱ्याला कळायचं ते कळतंच." त्यांनी चष्मा काढला. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. त्याआधी तिला गोष्ट मागे घ्यायला लावा. आणि एक माफीनामा लिहून घ्या. ऐकत नसेल तर पुढच्या वर्षी सीट नाही, एवढं सांगा."

"सर, तुम्ही एकदा तिच्याशी बोलता का?"

"मी कशाला? मुलींचं प्रकरण आहे. बायकांचं बायकांत मिटलेलं बरं. तुम्ही आहात म्हणून तर आम्ही निर्धास्त असतो."

हे शेवटचं वाक्य मी बावीस वर्षांत कितीतरी वेळा ऐकलं होतं. दर वेळी बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशीही जिना उतरताना बरंच वाटत होतं.

आता रिटायर होऊन मला काही वर्षं झाली. तरी डोळे मिटले की ते होस्टेल जसंच्या तसं समोर येतं. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीला लागून आमची तीन मजली इमारत होती. दिवसभर मागांची खटखट ऐकू यायची. नवीन मुलींच्या डोक्यात आठ दिवस ती बसायची, नंतर ती बंद पडली की चुकल्यासारखं व्हायचं. मेसमध्ये लक्ष्मम्मा होती. घरी तेलुगू बोलणारी, आमच्याशी तिच्या स्वतःच्या मराठीत बोलणारी. तिची ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन माझ्या शेकडो मुली पास झाल्या. उन्हाळ्यात फरशी इतकी तापायची की मुली चादरी भिजवून खाली अंथरायच्या आणि त्यावर बसून अभ्यास करायच्या. परीक्षेच्या दिवसांत जिन्यातसुद्धा कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

गेटशेजारी दोन खोल्यांचं रेक्टर क्वार्टर होतं. माझं सासर अक्कलकोटकडचं. घरात कन्नड बोलायचे. मोठं कुटुंब, त्यात मी धाकटी सून. घरात काय शिजवायचं हेसुद्धा मला कुणी विचारत नसे. मिस्टरांची नोकरी सोलापुरात आली आणि त्यापाठोपाठ मला ही रेक्टरची जागा मिळाली. पहिल्याच दिवशी क्लार्कने बेचाळीस खोल्यांच्या डुप्लिकेट किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवला. त्या वजनानं माझी चालच बदलली. घरी मी कुणीच नव्हते. इथे मी आले की व्हरांडा शांत व्हायचा.

आता कामाची थोडी माहिती सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रेक्टरचा सगळा कारभार तीन गोष्टींवर चालतो. एक, आउट रजिस्टर. बाहेर जाताना मुलीने कुठे, कशाला, कधी परत येणार ते लिहायचं. दुसरी, संध्याकाळी सातची हजेरी. तिसरी, वर्षअखेरचा रिमार्क. प्रत्येक मुलीच्या फॉर्मवर वर्तणुकीचा एक रकाना असतो. त्यात 'उत्तम', 'बरी' किंवा 'असमाधानकारक' लिहायचं. 'असमाधानकारक' लिहिलं की पुढच्या वर्षी सीट मिळत नाही. खेड्यातल्या मुलीची सीट गेली की बहुतेक वेळा शिक्षणही जातं. तो एक शब्द लिहायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागत नसे.

क्वार्टरवर येऊन मी पंखा लावला आणि गोष्ट वाचायला घेतली.

गोष्ट पुढच्या काळातली होती. एक नगर. त्याच्यावर काचेचं छप्पर. तिथं सगळ्या पोरी एकाच इमारतीत राहतात. त्यांनी किती बोलायचं, किती हसायचं, कुणाकडे बघायचं, याचे कायदे ठरलेले. कायदे कोण करतं ते कुणाला माहीत नाही. करणारे पुरुष कुठे तरी लांब राहतात आणि नगरात कधीच येत नाहीत. त्यांना यावं लागतच नाही, कारण नगर चालवायला 'ताया' आहेत. सगळ्यांत वरची ती मोठी ताई. रोज संध्याकाळी पोरी तिच्यापुढे रांगेत उभ्या राहतात आणि आज कितीदा हसलो ते सांगतात. ती लाल पेनने रजिस्टरात लिहिते.

इथपर्यंत मला रागच येत होता. मग मोठ्या ताईचं वर्णन आलं.

मोठी ताई वाईट नव्हती. कुणाला ताप आला तर आल्याचा चहा स्वतः करून न्यायची. कुणाचा ड्रेस उसवला तर टाके घालून द्यायची. दोनशे पोरींची नावं तिला पाठ, प्रत्येकीच्या आईचंही नाव पाठ. पोरींचा तिच्यावर जीव होता. म्हणून तर त्या तिला सगळं खरं सांगायच्या. आणि एके दिवशी एक पोरगी छपराच्या काठापर्यंत जाऊन बाहेरचं आभाळ बघून आली. दुपारपर्यंत मोठ्या ताईनं तिला नगराबाहेरच्या माणसांच्या ताब्यात दिलं. त्यानंतर ताई खोलीत जाऊन रडली. डोळे पुसून बाहेर आली. आणि संध्याकाळची हजेरी घेतली.

मी कागद खाली ठेवले. आल्याचा चहा माझा होता. लाल पेन माझं होतं. मुलींचे ड्रेस शिवायची मशीन माझ्या खिडकीखालीच होती. आणि ती पोरगी ज्योती होती.

ज्योती भाग्यश्रीची रूममेट. मागच्याच वर्षीची गोष्ट. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला सगळ्या मुली गड्ड्यावर जातात. गड्डा म्हणजे यात्रेचं मैदान. पाळणे, मौत का कुआँ, खाण्याचे स्टॉल. त्या दिवशी सहापर्यंत परवानगी होती. मीही गेले होते, मुलींवर लक्ष ठेवायला. आकाशपाळण्याजवळ मला ज्योती दिसली. वर्गातल्या एका मुलाबरोबर उभी होती. हातात भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. हसत होती. इतकंच. होस्टेलला परत आली तेव्हा सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मी कपाटातून मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं. माझं अक्षर सुवाच्य आहे. 'चाळीस मिनिटे उशीर. यात्रेत मुलासोबत प्रत्यक्ष पाहिले. घरी कळवले.' खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या वडिलांना फोन केला होता. ज्योती माझ्या दारात उभी होती. "मॅडम, एकदा मला विचारा तरी," म्हणाली. "विचारायचं काय त्यात? मी माझ्या डोळ्यांनी बघितलं," मी म्हणाले. दुपारी वडील जीप घेऊन आले. गादीसकट सगळं सामान नेलं. मुलगी गणितात फार हुशार होती. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, असं मागून कानावर आलं.

आणि त्याच महिन्यात पालक मेळाव्यात सचिव साहेब माईकवरून म्हणाले होते, "बिराजदार मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही." पालकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल दिली. मी ती खांद्यावर घेऊनच क्वार्टरपर्यंत चालत आले होते. वाटेत दोन मुलींनी मला नमस्कार केला. मान उंच ठेवून मी तो घेतला.

जेवायची इच्छा झाली नाही. मेसमधून लक्ष्मम्मा ताट झाकून घेऊन आली.

"मॅडम, तुम्ही जेवला नाही. ती कोळेकर पोरगी पण जेवला नाही. आज काय उपास हाय काय दोघांचा?"

"तिला चार वाजता माझ्याकडे पाठव," मी म्हणाले.

भाग्यश्री बरोबर चारला आली. सडपातळ, उन्हानं रापलेली, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. त्यांच्याकडे मेंढरं होती. त्यांच्या वस्तीवरून बारावीच्या पुढे गेलेली ती पहिली मुलगी. मी बस म्हणाले तरी उभीच राहिली.

"मॅडम, मी पेटी भरून ठिवलीया."

"कशाला?"

"प्रूफ हापिसात गेलं तवाच कळलं मला. सीट जाणार म्हणून."

"आधी बस." मी चहा ठेवला. सवयीनं आलं किसायला घेतलं आणि हात थांबला. तिच्याही ते लक्षात आलं. खाली बघत म्हणाली, "घाला की मॅडम. तुमचा चा लई चांगला असतो."

मी आलं घातलं.

"ही असली गोष्ट तुला सुचली कुठून?"

"लायब्ररीत तसल्या गोष्टी हायत, मॅडम. पुढचं जग लई वाईट झालंय असं त्यात दाखवत्यात. बायकांना कोंडून ठिवलेलं असतं. पर तिथं पहाऱ्याला बंदूकवाले बाप्ये असत्यात. मला ते वाचून वाटलं, आपल्याकडं कुटं बंदूक हाय? मला कुणा बाप्यानं कवा अडवलंच न्हाय. शाळेला जाऊ नको म्हणाली ती आज्जी. मोठ्यानं हसू नको म्हणली ती आय. आणि हितं..."



"आणि इथे मी," मी म्हणाले.

"व्हय."

मी चहा ओतून कप तिच्यापुढे ठेवला.

"माझ्यावर इतका राग होता तर तोंडावर बोलायचं. अंकात कशाला लिहिलंस?"

"राग न्हाय मॅडम." ती घाईघाईनं म्हणाली. "तुमाला वाईट दाखवायचंच नव्हतं मला. मला टायफॉइड झालता तवा तुमी माझ्या उशाला बसून होता. आयसुदिक आली नव्हती. तुमी वाईट असता तर सोपं झालं असतं की. वाईट बाईला पोरी काय बी सांगत न्हाईत. चांगली ताई असल्याबगर ते नगर चालतच न्हाय."

मी नोकरीत पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. पालकांची, पोलिसांची, एकदा एका नगरसेवकाची. पण हे वाक्य जसं लागलं तसं दुसरं कुठलंही लागलं नाही. आणि ती ते वाक्य मला बरं वाटावं म्हणून बोलली होती.

"ज्योतीशी बोलणं होतं तुझं?"

"कवातरी. मोबाईल सासूकडं असतो. सहावा महिना चालू हाय तिला. गोष्ट पाठवली हुती मी. तिनं वाचली."

"काय म्हणाली?"

भाग्यश्रीनं कप खाली ठेवला.

"सांग. मी रागावणार नाही."

"म्हणली, सगळं बराबर हाय. फक्त शेवटी ताईला रडताना दाखवलंय ते काढ. मॅडम रडल्या नव्हत्या." मग हळूच म्हणाली, "पर मीच ते ठिवलं. मला वाटलं, खोलीत जाऊन रडला असाल तुमी. आमाला काय दिसणार?"

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं. त्या दिवशी दुपारी मेसमध्ये शिरा होता. मी दोनदा घेतला होता. रडण्याचा प्रश्नच नव्हता. उलट काम नीट पार पडल्यासारखं वाटत होतं.

"सचिव साहेबांना माफीनामा हवाय," मी म्हणाले.

"लिवते की." तिनं ताबडतोब पेन काढलं. "मला सीट पाहिजे मॅडम. आप्पा मेंढरं घिऊन लांब गेल्यात. मी घरी गेले तर ते येस्तवर चुलता माझं लगीन ठरवून मोकळा हुईल. कुणाचं मन दुखवलं म्हणून माफी मागते. पर गोष्ट खोटी हाय, असं तेवढं लिवणार न्हाय."

"ठेव ते पेन. आज काही लिहू नको. जा, जेव आधी."

ती गेल्यावर मी नियमांचा कागद काढला. होस्टेलचे छापील नियम. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलीची आणि पालकाची त्यावर सही घेतो. मी तो हजार वेळा वाटला असेल, पण सबंध वाचून कित्येक वर्षं झाली होती. त्यात लिहिलं होतं, एक तासापर्यंत उशीर झाल्यास तोंडी समज द्यावी. तीन वेळा झाल्यास लेखी समज. त्यानंतर पालकांना कळवावे.

ज्योतीचा उशीर पहिलाच होता. चाळीस मिनिटांचा. मुलाबरोबर शेंगा खाऊ नयेत असा नियम कागदावर कुठेच नव्हता. पालकांना फोन करा असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. सचिव साहेबांना तर ती गेल्यानंतर कळलं. जो कायदा कुणी केलाच नव्हता तो मी पाळला होता.

मग मी मागची सगळी रजिस्टरं काढली. संध्याकाळपर्यंत पानं उलटत बसले. किती जणी आठवल्या! एक सतार वाजवायची. एक रोज उशिरा यायची आणि रोज माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणायची. एक मंगळवेढ्याची, सुट्टीवरून येताना डब्यात हुरडा आणून आधी माझ्या दारात ठेवायची. त्यांच्या नावांपुढे माझे शेरे. 'समज दिली.' 'गच्चीवर जाण्यास मनाई केली.' 'फोन जमा केला.' यातले कितीतरी हुकूम सचिव साहेबांचे होते. मुलींना गच्ची बंद करा, हे त्यांनीच सांगितलं होतं. जीन्स नको, हेही त्यांनीच. पण तोंडी. बावीस वर्षांच्या रजिस्टरांत त्यांची एकही सही मला सापडली नाही. सगळीकडे माझीच. उद्या कुणी हे कपाट उघडलं असतं, तर त्याला वाटलं असतं की या इमारतीत सगळं काही एकट्या बिराजदार मॅडमनेच केलं.

शुक्रवारी मी वर साहेबांच्या ऑफिसात गेले.

"आणला माफीनामा?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"ऐकत नाही ना? मला वाटलंच होतं."

"ती द्यायला तयार होती. मी घेतला नाही."

त्यांनी मान वर केली. "का?"

"सर, ती गोष्ट माझ्यावर आहे. मोठी ताई म्हणजे मी. अपमान झाला असला तर तो माझा. तक्रार करायची तर मी करायची. आणि माझी काही तक्रार नाही."

"असं कसं? संस्थेची बदनामी होतेय."

"मग संस्थेनं मला लेखी द्यावं. कुठल्या नियमाखाली सीट काढायची, कारण काय, आणि खाली तुमची सही. पत्र मिळालं की मी त्याप्रमाणे कारवाई करते."

ते हसले. "आपल्यात कधी लेखी लागलं होतं का, मॅडम?"

"नाही लागलं. काल तेच बघत बसले होते. सगळ्या रजिस्टरांत मीच आहे. तुम्ही कुठंच नाही."

हे मी काही शूरपणे बोलले नाही. खुर्चीची पाठ धरून उभी होते. साहेबांनी काचेतून खाली मैदानाकडे बघितलं.

"तुम्ही दमलाय," म्हणाले. "रिटायरमेंट जवळ आली की असं होतं. दोन दिवस रजा घ्या."

मी रजा घेतली नाही. पत्राची वाट बघितली. पत्र आलं नाही. शनिवारी कमिटीची मीटिंग झाली आणि भाग्यश्रीची गोष्ट 'जागेअभावी' वगळली. त्या पानावर माझ्याच नावाने शेंगापोळीची कृती छापली गेली, शेजारी माझा फोटो. मी आयुष्यात कुणाला शेंगापोळीची कृती लिहून दिलेली नाही.

होस्टेलचं स्वतःचं एक भित्तिपत्रक होतं. मेसच्या दाराशेजारी काचेची पेटी, तिची किल्ली रेक्टरकडे. त्यात मुली कविता, चित्रं लावायच्या. तिथं काय लावायचं हे ठरवायला कुठलीच कमिटी नव्हती. मी भाग्यश्रीला बोलावून सांगितलं, "गोष्ट स्वच्छ अक्षरात लिहून काढ. फक्त एक दुरुस्ती कर. ताई रडते ते काढ."

"मग ताई लई वाईट दिसंल, मॅडम."

"दिसू दे. तसं झालं नव्हतं. तू खरं लिहितेस ना?"

तिनं ते वाक्य खोडलं. आता गोष्टीत ताई पोरीला ताब्यात देते आणि जेवायला बसते. जेवण तिला गोड लागतं. मग हजेरी. ते पुन्हा वाचणं मला जड गेलं. पण गोष्ट आधीपेक्षा चांगली झाली होती, एवढं मलाही कळलं.

तीन दिवस मुली ताटं हातात धरून त्या पेटीपुढे उभ्या होत्या. मी बाजूनं गेले की गप्प व्हायच्या. दुसऱ्या दिवशी एकीनं धीर करून विचारलं, "मॅडम, ही तुम्ही आहात?" मी म्हणाले, "हो." त्यानंतर मात्र कुणी गप्प झालं नाही. लक्ष्मम्माला मराठी वाचता यायचं नाही. तिनं एका मुलीला गोष्ट मोठ्यानं वाचायला लावली आणि मग पदराला हात पुसत माझ्याकडे आली.

"मॅडम, त्या नगरात स्वयंपाक कोण करत होता?"

"गोष्टीत लिहिलं नाही तसं."

"कोणतरी करत असेल की. मग ती पण त्यातच आला." एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला परत गेली. कुठली मुलगी कुणाशी फोनवर बोलते, हे मला इतकी वर्षं लक्ष्मम्माच सांगत होती. त्या दिवसानंतर तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

रजिस्टरात मी पट्टीनं आणखी एक रकाना आखला. 'मुलीचे म्हणणे.' शेरा लिहिण्याआधी तो भरायचा. पहिल्याच महिन्यात कळलं की उशिरा येणाऱ्या निम्म्या मुली बस न मिळाल्यानं उशिरा येतात. बाकीच्यांतल्या काही जणी खोटं बोलायच्या. मी तेही लिहून घ्यायची. भाग्यश्रीच्या फॉर्मवर 'उत्तम' लिहिलं. तिची सीट टिकली. पुढे दोन वर्षांनी मी रिटायर झाले. निरोप समारंभात शाल होती, नारळ होता, माझं भाषण मात्र कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. माझ्यानंतर आलेल्या मॅडमनी बायोमेट्रिक मशीन बसवलं. त्यात बोट टेकवायचं असतं. म्हणणं सांगायची सोय नाही.

मधल्या काळात ज्योतीला फोन केला होता. नंबर भाग्यश्रीनं दिला. मी पाठ करून ठेवलं होतं काय बोलायचं ते. तिनं उचलला. "कोण? बिराजदार मॅडम? बऱ्या आहात ना?" अगदी अदबीनं बोलली. मागे बाळ रडत होतं. मी म्हणाले, "ज्योती, त्या दिवशी मी तुला विचारायला हवं होतं." मग ती म्हणाली, "मॅडम, स्वयंपाकाची गडबड आहे. नंतर करते मी." तिचा फोन आला नाही. मीही पुन्हा केला नाही. माफी मागून आपल्याला हलकं वाटावं म्हणून तिला दुसऱ्यांदा दारात उभं करायचं, हे बरोबर नाही असं वाटलं.

भाग्यश्री आता चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. लग्न अजून केलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी कधी कधी येते, आल्याचा चहा मागते. आम्ही जुन्या मुलींची नावं आठवत बसतो. कोण कुठे आहे, कुणाला किती मुलं, कोण कुठल्या नोकरीत. तिच्याकडे बघून मला ते व्हरांडे, ती खटखट, वाळत घातलेल्या ओढण्या, सगळं आठवतं आणि जीव तुटतो. त्या इमारतीत मी जितकी सुखी होते तितकी नंतर कुठेच नाही झाले. हेही खरंच आहे.

मागच्या खेपेला ती म्हणाली, "मॅडम, माझ्या हाताखाली आता चार पोरी हायत. परवा एकीला मी म्हणाले, एवढ्या मोठ्यानं हसू नको, मॅनेजर काय म्हणतील? मॅनेजर तर तवा पुण्यात हुते." ती हसायला लागली आणि मधेच थांबली.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"तिला सांगितलं, हास. पर ती काय परत हासली न्हाय."

नोकरीला लागलेल्या बायका कधी कधी मला सल्ला विचारतात. मी त्यांना एकच सांगते. वरून हुकूम तोंडी आला तर तो लेखी मागा. निम्मे हुकूम तिथंच संपतात. उरलेल्या निम्म्यांसाठी मात्र ही युक्ती चालत नाही. ते कुणी दिलेलेच नसतात.